पगारे सरांचा आवाज कोपरगावला जातो

भीमराज पगारे सरांना खुर्चीत बसलेलं आमच्या कॉलेजात कोणी पाहिलेलं नाही. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची आहे, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसते. सर चहा उभ्यानं पितात आणि पेपर व्हरांड्यात चालत वाचतात. मीटिंग असली की दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात, तेही थोडा वेळ, मग खिडकीपाशी जातात, मग पुन्हा दारात. सकाळी शेवगावच्या बाजारातून पायी येताना कोणी ओळखीचा भेटला की त्याच्याबरोबर उलट्या दिशेनं चालत जातात आणि मग तास आठवला की पळत येतात. पायाला भिंगरी हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता, पण भिंगरी लावलेला माणूस इथं नोकरीला लागल्यावर पाहिला.

माझं माहेर मिरजगाव. आमच्याकडं माणूस भांडायला आला तरी आधी बसतो, पाणी पितो आणि मग भांडतो. त्यामुळं प्राचार्यांनी एक दिवस मला बोलावून ‘वृषाली मॅडम, या प्रकल्पावर तुम्ही आणि पगारे सर’ असं सांगितलं तेव्हा माझं डोकं तापलं. ते तसंही तापायला फार वेळ घेत नाही.

प्रकल्प विद्यापीठाचा होता. वर्गातली व्याख्यानं रेकॉर्ड करायची आणि जे वर्गात येऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचवायची. हे कसं कराल, कोणती साधनं वापराल, याची योजना प्रत्येक कॉलेजानं करून पाठवायची होती. मी कॉम्प्युटर शिकवते, म्हणून साधनं माझ्याकडं आली. पगारे सर भूगोलाचे आणि सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून शिकवणं त्यांच्याकडं. प्राचार्य राधाकृष्ण सरांनी स्वतःकडं स्वप्न ठेवलं. त्यांना स्टुडिओ हवा होता. हिरवा पडदा, काचेचं दार आणि दारावर लाल दिवा. लाल दिवा लागलेला असताना आत कोणी यायचं नाही, हे त्यांनी मला भेटेल तेव्हा सांगितलं आणि शिपायाला त्यावरून एकदा झापलंही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार.

पगारे सरांना मात्र स्टुडिओ दिसत नव्हता, त्यांना रेश्मा दिसत होती.

रेश्मा तिसऱ्या वर्षाला. विषय भूगोल, आणि त्या वर्गात ती सगळ्यांत पुढं. त्याच वर्षी उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सासर तालुक्यातल्याच एका वस्तीवरचं, आणि घर ऊसतोडीचं. दिवाळी झाली की गावातनं निघायचं ते उन्हाळ्यात परतायचं. या कामात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई मागं राहिली तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कोणता मुकादम नेईल? म्हणून पहिल्या सत्राची परीक्षा संपली त्याच दिवशी रेश्मा स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

‘सर, जायचंय. कोपरगावकडं.’

‘कधी येशील?’

‘कारखाना बंद हुईल तवा. तुमी शिकवलेलं मोबाईलवर धाडता का? कळलं तर परीक्षेला येते. आत्याबाई म्हनतात, येत नसंल तर उगं एक दिवस कोयता कशाला मोडायचा.’ आत्याबाई म्हणजे तिची सासू. ‘आन् यंदा न्हाई बसले तर मग पुढं मला कोन बसू देतंय, सर?’

‘धाडतो,’ सर म्हणाले. तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा फाटकापर्यंत गेले, आणि मग माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाले, ‘मॅडम, आपली योजना म्हणजे ही पोरगी.’

सरांचे वडील ऊस तोडायचे. सरांची शाळा दर हिवाळ्यात सुटायची आणि उन्हाळ्यात पुन्हा लागायची, तीही तोवर पुढं गेलेली असायची. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळं मी ‘एका मुलीसाठी योजना होत नसते सर’ हे वाक्य तोंडापर्यंत आलेलं गिळून टाकलं.

त्यानंतर माझ्या आयुष्यातली शांतता संपली. सकाळी मी पोळ्या लाटत असले की फोन वाजायचा. ‘मॅडम, एक सुचलंय.’ आज मेमरी कार्डात व्याख्यानं भरून उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांबरोबर पाठवायची. दुसऱ्या दिवशी कारखान्यात ऊस उतरतो त्या गव्हाणीसमोर मोठा पडदा लावायचा, गाड्या नंबर लागेपर्यंत थांबलेल्याच असतात. तिसऱ्या दिवशी तो पडदा रद्द, कारण गाडीबरोबर पुरुष जातात, बाया कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवरच राहतात. मी आदल्या दिवशीचं टाईप करून ठेवायची आणि सर येऊन ते खोडायचे, तेही चालता चालता, कागद भिंतीला टेकवून. उद्दिष्टं हे पहिलंच पान मी इतक्यांदा लिहिलं की शेवटी मला त्या शब्दाचीच चीड आली.

‘सर, एकदा बसा आणि ठरवा,’ मी ओरडले.

‘ठरलंय,’ सर म्हणाले. ‘आधी धाडून बघू. मग लिहू.’

हे मला पटलं. मी तिकाटणं आणलं, त्यावर माझा मोबाईल लावला आणि सरांच्या तासाला शेवटच्या बाकामागं उभी राहिले. पहिलं रेकॉर्डिंग मी अजून जपून ठेवलंय. त्यात फळा आहे, फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला भारताचा नकाशा आहे, आणि सर नाहीत. मधूनच एक कोपर येतं आणि जातं. एकदा सर कॅमेऱ्याच्या इतक्या जवळून गेले की नुसता शर्टाच्या खिशातला पेन दिसला. दुसऱ्या दिवशी मी खडूनं जमिनीवर गोल काढला आणि म्हटलं, सर, या बाहेर पाऊल टाकायचं नाही. वर्गाला हसू आवरेना. सर गोलात उभे राहिले, घसा खाकरला, आणि त्यांना शिकवताच येईना. मान्सून म्हणून थांबले. पुन्हा मान्सून म्हणून थांबले. मग गोल पुसला, पायानंच, आणि ‘मॅडम, राहूंद्या, पोरीला माझं तोंड थोडंच बघायचंय’ असं म्हणून सुटले ते सुटलेच.

मीही म्हटलं, मरू दे. फळा दिसतोय, नकाशा दिसतोय, आवाज येतोय. रोजचं रेकॉर्डिंग कापून, बारीक करून मी रेश्माला पाठवत गेले. दोन निळ्या खुणा उमटल्या की सर माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे आणि सगळ्या स्टाफरूमला सांगायचे, ‘पोचलं. कोपरगावात पोचलं.’ रेश्माचं उत्तर नेहमी एकच यायचं, ‘हो सर’.

बाकीच्या प्राध्यापकांना सरांनी गळ घातली. राज्यशास्त्राच्या आसाराम सरांच्या तर मागंच लागले, कारण रेश्माला तोही विषय होता. आसाराम सर शांत माणूस. कपडे कडक इस्त्रीचे. ‘पगारे सर, स्टुडिओ होऊ द्या,’ ते म्हणायचे. ‘मग रीतसर करू. असं मोबाईलवर, मागं पोरं खोकतायत, हे बरं दिसत नाही.’ मराठीच्या मॅडमही तेच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला, पण खरं सांगायचं तर माझी ती रेकॉर्डिंगं बघून मलाही बरं दिसत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला सरांनी रेश्माला एक साधा प्रश्न पाठवला. सह्याद्री ओलांडल्यावर वारे कोरडे का होतात? निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. सरांनी दिवसभर दर तासाला माझा मोबाईल मागितला. दुसऱ्या दिवशी ‘हो सर’ एवढंच आलं.

‘हो सर काय?’ सर म्हणाले. ‘हे उत्तर आहे का? तिला येत नसेल असं होणारच नाही.’ आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. ‘रविवारी जाऊ.’

शेवगावहून नेवासा आणि श्रीरामपूर करत आम्ही एसटीनं कोपरगावला गेलो. बसमध्येही सर उभे होते, मागं जागा रिकामी असताना. कंडक्टरनं दोनदा सांगितलं आणि मग नाद सोडला. तिथून पुढं ट्रॅक्टरवर, कालव्याच्या कडेनं. दोन्ही बाजूंना उभा ऊस, पाटाला पाणी. मला आमच्या शेवगावच्या वाळल्या रानाची आठवण झाली. एका तोडलेल्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या, वर निळा कागद. बाकी सगळी माणसं फडात होती. रेश्मा तेवढी वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन आली होती. आम्हाला बघून ती भारा टाकायचाही विसरली.

तिची सासू भामाबाई चुलीपुढं होती. त्यांचे गुडघे गेलेले, आता तोडायला जात नाहीत, कोपी सांभाळतात. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

‘ह्ये व्हय तुझं मास्तर? आवाजावरनं मला दांडगं वाटलं हुतं.’

‘आत्याबाई!’ रेश्मा म्हणाली.

‘मावशी, तुम्ही पण ऐकता?’ सरांना आनंद झाला.

‘न ऐकून करती काय? एवढीशी कोपी. ही भाकरी थापती न् मोबाईल तिथं डब्यावर. बघायला कुनाला सवड हाय? पन तुमचा आवाज लई पळतो, मास्तर. जवळ येतो, लांब जातो. मला वाटलं मोबाईलच बिघडला.’

मी रेश्माकडं पाहिलं. ‘तू बघत नाहीस? नुसतं ऐकतेस?’

‘मॅडम, मोबाईल एकच हाय. दिवसा फडात पदराला बांधलेला असतो, तवा कानात घालते. सांजच्याला हातात पीठ. बघायचं म्हनलं तर बॅटरी उतरती, आन् चार्जिंगला पार विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर जावं लागतं.’

‘बरं, ऐकतेस ना,’ सर म्हणाले. ‘मग माझ्या प्रश्नाचं उत्तर का नाही धाडलं?’

भामाबाईंनीच डब्यावरचा मोबाईल पुढं सरकवला. ‘लाव गं. मास्तरलाबी ऐकू दे.’

रेश्मानं लावलं. पाचटाच्या कोपीत सरांचा आवाज सुरू झाला. ‘आता नीट बघा. वारे इथून येतात. इथं अडतात. मग इथं धो धो पाऊस, आणि इथं ठणठणाट. कळलं ना?’ मागून सगळा वर्ग म्हणाला, ‘हो सर.’

‘मास्तर,’ भामाबाई म्हणाल्या, ‘इथं म्हंजी कुठं?’

सरांनी सवयीनं हात उचलला. तो कोपीच्या कुडाकडं गेला. तिथं नकाशा नव्हता, एक कोयता खोचलेला होता. हात तसाच राहिला.

‘मी लई डोकं लावलं, सर,’ रेश्मा घाईघाईनं बोलायला लागली, सरांना वाईट वाटू नये म्हणून. ‘वर्गात तुमी दाराकडनं खिडकीकडं जाताना शिकवायचा. म्हनून मी धरलं की वारं दारातनं येतंय न् खिडकीला अडतंय. मग पुढचं काय जुळंचना. आन् ते पोरं हो सर म्हनतात, तवा वाटलं सगळ्यांना कळलंय, मलाच न्हाई. म्हनून मीबी हो सर धाडलं.’

सर खाली बसले. तिथंच, खताच्या गोणीवर, मांडी घालून. मी त्यांना पहिल्यांदा बसलेलं पाहत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. ‘उठा सर’ असं म्हणावंसं वाटलं. भामाबाईंनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्यांनी तो बसूनच प्यायला. मला मात्र स्वतःचाच संताप आला होता. एवढे दिवस मी ते रेकॉर्डिंग कापत होते, बारीक करत होते, निळ्या खुणा मोजत होते, आणि एकदाही डोळे मिटून ऐकलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये सर पुन्हा उभे राहिले तेव्हा मला हायसं वाटलं. श्रीरामपूर आलं तेव्हा म्हणाले, ‘मॅडम, मी आयुष्यभर बोटानं शिकवलं. तोंडानं शिकवलंच नाही.’

सोमवारपासून आम्ही सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. कॉलेज सुटल्यावर, रिकाम्या वर्गात. नकाशा खिळ्यावरून काढून गुंडाळून ठेवला. तिकाटणं मी घरी नेलं, त्यावर आता टॉवेल वाळतो. आणि मोबाईल सरांच्या शर्टाच्या खिशात टाकला. माणूस जाईल तिथं मोबाईल जाईल, म्हणजे आवाज पळणार नाही. इतकी साधी गोष्ट, पण मी आधी माणसालाच खिळा ठोकून बसवायला निघाले होते.

पाय सुटे ठेवले, पण हातांचं काय करायचं? सरांचे हात ‘इथं’ म्हटल्याशिवाय राहत नव्हते. शेवटी मी त्यांच्या दोन्ही हातांत एकेक डस्टर दिलं. आणि मी त्यांच्याकडं पाठ करून बसले, पुढ्यात शाळेतला नकाशा घेऊन. सर जे बोलतील त्यावरून मी त्या जागेवर बोट ठेवायचं. बोट चुकलं की ते वाक्य पुन्हा. माझा भूगोल दहावीला सुटलाय तो सुटलाय, म्हणून या कामाला माझ्याइतकं योग्य माणूस नव्हतं.

‘वारे अरबी समुद्रावरून निघतात,’ सर चालत म्हणायचे. ‘ते कोकणावर येतात. पुढं सह्याद्रीचा डोंगर आडवा. वारं डोंगर चढायला लागतं, वर जाऊन गार होतं, आणि पाऊस कोकणात आणि घाटमाथ्यावर पडतो. डोंगर उतरताना त्याच वाऱ्यात ओल उरत नाही. मग इथं...’

‘कुठं?’ मी न वळता ओरडायची.

‘मग पूर्वेला, नगर, पाथर्डी, शेवगाव. इथं... नाही, या भागात पाऊस कमी.’

‘पहिल्यापासून!’

एखाद्या दिवशी एकच व्याख्यान धड व्हायचं. सर घामाघूम व्हायचे, डस्टरची पांढरी भुकटी पँटीला लागायची. शिपाई दारातून बघायचा आणि डोक्याला हात लावायचा. माझाही संयम सुटायचा, एकदा मी नकाशा फेकला. पण पहिलं नवं व्याख्यान पाठवल्यावर रेश्माचं उत्तर आलं ते दोन शब्दांचं नव्हतं. तिनं बोलूनच पाठवलं होतं, मागं कोयत्याचा आवाज होता. ‘सर, आता डोंगर कुठं हाय ते दिसलं. आत्याबाई म्हनतात, म्हंजी आपल्याला पाऊस न्हाई म्हनून आपन इकडं आलो, आसंच ना? मी म्हनलं, आसंच.’ सरांनी ते व्हरांड्यात चालत चालत कितीदा ऐकलं कोणास ठाऊक.

मग योजना लिहायला वेळ लागला नाही. स्टुडिओ शेवटच्या पानावर टाकला, प्राचार्यांसाठी. आधीची सगळी पानं एकाच गोष्टीची होती. प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं कानासाठी शिकवायचं, पाठ फिरवून बसलेल्या एका माणसासाठी, आणि त्या माणसाला कळलं तरच ते पुढं पाठवायचं. सादरीकरणाला आम्ही नगरला गेलो. समितीच्या टेबलाभोवती सर फेऱ्या घालत बोलले आणि समितीतल्या सगळ्यांच्या माना त्यांच्याबरोबर फिरत राहिल्या.

एक सदस्य म्हणाले, ‘पण हे तर रेडिओनं फार पूर्वी केलंय. यात तंत्रज्ञान कुठंय?’

‘खिशात,’ सर म्हणाले आणि खिशावर हात मारला. मी टेबलाखाली स्वतःच्या पायावर पाय दिला.

शिमगा झाल्यावर पत्र आलं. शेवटचं पान मंजूर, आधीची पानं वगळावीत. म्हणजे स्टुडिओ मिळाला, पुढच्या जूनपासून. प्राचार्यांनी पेढे वाटले. आसाराम सर पेढा खात म्हणाले, ‘बघा, मी म्हणतच होतो.’ पगारे सरांनी पेढा हातात घेतला आणि बाहेर निघून गेले. मी तिथंच फणफणत बसले. सरांनी मात्र भूगोलाची उरलेली व्याख्यानं थांबवली नाहीत, नेटानं शेवटपर्यंत नेली.

यंदा ऊस बराच उभा राहिला होता, त्यामुळं परीक्षा आली तरी कारखाने चालूच होते. भूगोलाच्या पेपरच्या दिवशी सर फाटकापाशी फेऱ्या मारत होते. पोरं येत होती, रेश्मा येत नव्हती. घंटा व्हायच्या बेतात असताना एक मोटरसायकल आली. ओंकार, तिचा नवरा, गाडी चालवत होता. रेश्मा मागं, तोंडाला फडकं बांधलेलं, हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा. कोपरगावहून दोघं पहाटे निघालेली.

‘कोयत्याचं काय केलं?’ सरांनी विचारलं.

‘बिभीषन मुकादम न्हाईच म्हनत हुता. मग आज माझा कोयता आत्याबाईंनी धरलाय,’ रेश्मा म्हणाली आणि आत पळाली.

गुडघे गेलेल्या बाईनं! मला एकदम भरून आलं. ओंकार झाडाखाली झोपला. सर तीन तास वर्गाच्या खिडकीखालून, पाणपोईपर्यंत, पुन्हा खिडकीखालून असे फिरले. सुपरव्हायझरनं त्यांना दोनदा हटकलं. मी वैतागून म्हटलं, ‘सर, पेपर ती लिहितीये.’ तर म्हणाले, ‘म्हणूनच.’

रेश्मा बाहेर आली ती सरळ आमच्याकडं. चेहऱ्यावर काहीच दिसेना.

‘पर्जन्यछाया आली होती,’ सर म्हणाले. ‘काय लिहिलंस?’

‘लिहिलं ना, सर. इथं पाऊस पडतो आन् इथं पडत न्हाई.’

सरांचा चेहरा पडला. ते पाहून तिला हसू आवरलं नाही. ‘न्हाई वो, सर! कोकन, सह्याद्री, नगर, शेवगाव, समदं नावानिशी लिहिलं. डोळं मिटलं की तुमी कानात बोलत हुता.’

सर हसले, मीही हसले, आणि मला रडूही आलं. ओंकारनं गाडीला किक मारली. रेश्मानं फडकं बांधायला घेतलं आणि तिचे हात मध्येच थांबले.

‘सर, परवा राज्यशास्त्र हाय. त्याचं कायच आलं न्हाई. मराठीचंबी न्हाई.’ ती सरांकडं न बघता बोलत होती. ‘आत्याबाई म्हनाल्यात, पुन्यांदा कोयता धरीन, पन येत असंल तरच जा. मग परवा... न्हाई येत मी. भूगोल तर निघंल.’

भूगोल तर निघेल. एका विषयात पास झालेल्या पोरीला पदवी कोण देतं? स्टुडिओ जूनमध्ये होता. पेपर परवा होता. सरांनी आणि मी एकमेकांकडं पाहिलं.

‘तू जा,’ सर तिला म्हणाले. ‘कोपीवर पोचायच्या आत येईल.’

या वेळी स्टाफरूमकडं मी त्यांच्या पुढं होते. आसाराम सर चहा पीत होते. मी त्यांच्या हातातला कप काढून टेबलावर ठेवला. सरांनी दंडाला धरलं. ‘अहो, काय हे, स्टुडिओ झाल्यावर...’ असं ते म्हणेपर्यंत आम्ही त्यांना रिकाम्या वर्गात आणलंही. मी माझा मोबाईल त्यांच्या कडक इस्त्रीच्या खिशात सरकवला, दोन डस्टरं हातात दिली, आणि त्यांच्याकडं पाठ करून बाकावर बसले. पगारे सर दारात उभे राहिले.

‘बोला,’ मी म्हटलं. ‘पंचायत राज.’

आसाराम सरांनी घसा साफ केला. ‘विद्यार्थी मित्रहो, हे बघा, सगळ्यात वर जिल्हा परिषद. तिच्याखाली इथं...’

‘कुठं?’ पगारे सर दारातून ओरडले.

आसाराम सर थांबले. मी वळून पाहिलं. एका हातातलं डस्टर फळ्याकडं रोखलेलं होतं, आणि फळा कोरा होता.

‘पहिल्यापासून,’ मी म्हटलं.